पास झाले, पण शिकले का?

खराडीच्या ऑफिसात दुपारची मीटिंग चालू असताना शैलजाताईंच्या यजमानांचा, खांबेटेकाकांचा फोन आला. मी दार लोटून बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. "शैलजा सकाळी गेली," काका म्हणाले. "झोपेतच. तुम्ही कामात असाल तर नंतर बोलू." आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. फक्त फोन बंद करायला ते विसरले. पलीकडून कोणाचं तरी दबक्या आवाजातलं बोलणं, सरकवलेल्या खुर्च्यांचे आवाज येत राहिले, आणि मी तशीच फोन कानाला लावून उभी... काचेपलीकडे एका नव्या ऑनलाइन प्रशिक्षणाचे आकडे पडद्यावर दाखवत होते. किती जणांनी सुरू केलं, किती जणांनी पूर्ण केलं, किती जण पास. ताई तिथे असत्या तर त्यांनी सगळ्यांचं बोलणं संपू दिलं असतं, चष्मा पुसला असता आणि विचारलं असतं, "बरं. आणि शिकले किती?"

या गोष्टीला आता महिना उलटून गेला. डॉ. शैलजा खांबेटे हे नाव आमच्या कामाबाहेर फारसं कोणाला माहीत नसेल. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका बी.एड. कॉलेजात काढली. शिकवायचं कसं, हे त्या होऊ घातलेल्या शिक्षकांना शिकवायच्या. शहरात संगणकाच्या कंपन्या भराभर उघडत होत्या, त्या काळात त्यांच्या कॉलेजातही संगणक आले. संगणकांच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, यंत्रांवर प्लास्टिकची कव्हरं, आणि किल्ली प्राचार्यांकडे. ताईंनी किल्ली मागून घेतली. समोर शिक्षक नसताना माणूस शिकतो, म्हणजे नक्की काय करतो, हा प्रश्न त्यांना तिथे पडला आणि मग त्यांनी तो सोडलाच नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यावर पीएच.डी. केली. स्टाफरूममधल्या एका बाईंनी म्हणे त्यांना विचारलं होतं, "अहो, या यंत्रामुळे उद्या तुमची नोकरी गेली तर?" त्यावर ताई म्हणाल्या, "गेली तर निदान कळेल तरी, इतकी वर्षं मी काय करत होते ते."

नोकरी गेली नाही, त्यांनीच स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि खराडीत आमच्या कंपनीत सल्लागार म्हणून आल्या. कारखान्यांसाठी, बँकांसाठी, कॉलेजांसाठी संगणकावर शिकायचे अभ्यासक्रम बनवणं हे आमचं काम. मी अकोल्याहून नुकतीच आलेली, पुण्याच्या मराठीला जरा बिचकून असलेली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, धडा कुठवर आला? मी म्हटलं, "बनवून राहिले, मॅडम." आमच्याकडे 'बनवतेय'ला असंच म्हणतात. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "बनवून राहिलात, की बनवायचं राहिलं?" सगळे हसले, मी कानापर्यंत लाल. पण दुपारी डबा घेऊन त्या माझ्याच टेबलाशी येऊन बसल्या, आणि अकोल्यात आणखी काय काय म्हणतात, कधी म्हणतात, आई रागावली की काय म्हणते, असं तासभर विचारत बसल्या. टोमणा मारून झाला होता, आता त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या स्वभावातल्या या दोन्ही गोष्टी मला त्या एका दिवसात भेटल्या. मॅडमच्या त्या ताई कधी झाल्या, ते मात्र आठवत नाही.

चाकणकडच्या एका कारखान्यासाठी आम्ही सुरक्षिततेचा अभ्यासक्रम केला होता. यंत्र दुरुस्त करायला हात घालण्याआधी त्याची वीज तोडायची, खटक्याला कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, म्हणजे दुसरा कोणी चुकून यंत्र चालू करणार नाही. एवढंच शिकवायचं होतं, पण त्यावर माणसाचा हात राहणार की जाणार, हे ठरायचं. अभ्यासक्रम गेला, कामगारांनी तो संगणकावर केला आणि निकाल आला. जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी. आमच्या प्रकल्पप्रमुखांनी पेढे मागवले. ताईंनी पेढा घेतला, पण तो हातातच. "माझ्या वर्गात असं झालं असतं ना," त्या म्हणाल्या, "तर मी आधी जाऊन बघितलं असतं, खिडकी उघडी होती का."

दुसऱ्या आठवड्यात त्या मला घेऊन कारखान्यात गेल्या. संगणक कॅन्टीनशेजारच्या एका खोलीत ठेवला होता. ताईंनी मागे भिंतीशी खुर्ची ओढली आणि सांगून टाकलं, "मी काही तपासायला आलेली नाही. तुम्ही रोज करता तसंच करा." थोडा वेळ सगळे अवघडले, मग विसरले. एकेकट्याने बसून करायचा तो अभ्यासक्रम पाच-सहा जण मिळून करत होते. सोपान नावाचा एक ऑपरेटर मोठ्याने वाचायचा, बाकीचे उभे. प्रश्न आला की वाद. "कुलूप काढायचं कोणी?" "साहेबानं." "साहेब कशाला? ज्यानं लावलं त्यानं!" "आणि तो सुट्टी करून घरी गेला तर?" मग हशा, मग पुन्हा वाद, आणि शेवटी जे ठरेल ते उत्तर सगळ्यांच्या नावाने भरायचं. कारखान्याचे अधिकारी हे बघून ओशाळले. ही फसवणूक आहे, मी ताबडतोब बंद करतो, असं काहीसं ते बोलू लागले. ताईंनी त्यांना हातानेच थांबवलं. त्यांचे डोळे चमकत होते. "अहो, थांबा. ते वाद घालतायत! इतके दिवस मी हेच शोधत होते."

परतताना जीपमध्ये त्या अखंड बोलत होत्या. आपण धडा बनवताना एकटा माणूस गृहीत धरतो. पण माणसं एकटी शिकतच नसतील तर? त्यांनी कारखान्याकडून परवानगी मिळवली आणि नव्या आलेल्या कामगारांचे दोन भाग केले. काहींनी एकेकट्याने करायचं, काहींनी गटाने. दोन-तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. संगणकावरची परीक्षा नाही, एकेकाला प्रत्यक्ष यंत्रापाशी उभं करून फक्त "दाखवा" म्हणायचं. एकेकट्याने शिकलेल्यांतले बरेच जण विसरले होते. गटातले भराभर दाखवत होते. मी खुशीत ताईंकडे बघत होते, त्यांचं म्हणणं खरं ठरत होतं. मग गटातलाच एक तरुण आला, आणि खटक्यापाशी नुसता उभा राहिला. त्याच्यानंतर आणखी एक तसाच. नंतर बोलताना कळलं, हे वादाच्या वेळी मागे उभे असायचे. बाकीचे भांडायचे, हे ऐकायचे, आणि मार्क त्यांनाही पैकीच्या पैकी.

मला वाटलं, ताई खट्टू होतील. संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी चहा घेताना त्या म्हणाल्या, "अहो, मी चुकले!" कोणी बक्षीस लागल्याचं सांगावं तसा आवाज. "वाद घालणारे शिकले. शेजारी उभे राहिलेले नाही शिकले. म्हणजे गट पुरेसा नाहीच. प्रत्येकाची पाळी यायला हवी... आणि काही आठवड्यांनी पुन्हा यायला हवी." चहा तसाच निवत राहिला.

गंमत इथे संपली. हे सगळं अहवालात लिहायचं म्हणजे आमचे पैकीच्या पैकी मार्क खोटे, असं स्वतःच सांगायचं. प्रकल्पप्रमुख समजावू लागले, "मॅडम, त्यांना प्रमाणपत्रं हवी होती, आपण दिली. यात तक्रार कोणाची आहे?" ताई म्हणाल्या, "ज्याचा हात जाईल, तो नंतर करेल." कारखान्याच्या प्रमुखांसमोर त्यांनी एवढंच सांगितलं, "तुमची माणसं पास झाली आहेत. सगळी शिकलेली नाहीत." पुढचं काम आम्हाला मिळालं नाही, आणि वर्ष संपल्यावर ताईंचा करारही वाढवला गेला नाही. त्यांनी टेबल आवरलं, तेव्हा मी रडत होते. "तुम्ही का रडताय? तुमची नोकरी आहे," त्या म्हणाल्या. पण रिक्षात बसल्यावर त्यांनी मान वळवून आमच्या इमारतीकडे बराच वेळ बघितलं. त्यांना लागलं होतं.

पावसाळा सरला आणि एक दिवस कारखान्याचे ते प्रमुख स्वतः ताईंच्या धायरीच्या घरी आले. सोफ्याच्या कडेला बसून म्हणाले, "मॅडम, तुमचा तेव्हा राग आला होता. पण मग मी रोज शॉपवर, यंत्रांपाशी गेलो की एकाला तरी म्हणायला लागलो, दाखव. फार जणांना येत नाही हो." अभ्यासक्रम नव्याने करायचं ठरलं. आधी गटाने वाद, मग एकेकाने यंत्रापाशी जाऊन दाखवायचं, आणि विसरायच्या बेतात असताना पुन्हा एकदा. काम आमच्या कंपनीलाच मिळालं, अट एकच, खांबेटे मॅडम हव्यात. प्रकल्पप्रमुखांनी त्यांना फोन केला तेव्हा मी शेजारी होते. ताईंनी मागचं काही काढलं नाही. फक्त म्हणाल्या, "येते. पेढे मात्र या वेळी उशिरा मागवा."

त्या कामावरचा त्यांचा निबंध वाचून एका विद्यापीठाने त्यांना बोलावलं. नोकरी-संसार सांभाळून घरून पदवी करणाऱ्यांसाठी तिथे ऑनलाइन धडे सुरू झाले होते, आणि माणसं मध्येच सोडून जात होती. का जातात, यावर बैठका चालल्या होत्या. ताईंनी सोडून गेलेल्यांना फोन करायला सुरुवात केली. कोणी म्हणालं वेळ नाही, कोणी म्हणालं नेट नाही. धायरी गावातल्या सुनंदाबाई म्हणाल्या, "समदं हाय बाई. मोबाईल हाय, टाईम बी काढते. पण अडलं की बोलायचं कुणाशी?" ताईंनी पत्ता विचारला. दोन गल्ल्या सोडून घर! दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुनंदाबाईंना घरी बोलावलं. मग सुनंदाबाईंची जाऊ आली, मग समोरच्या सोसायटीतल्या दोघी. दुपारी काम आटोपून या बायका ताईंच्या संगणकाभोवती जमायच्या. ताई उत्तर कधीच सांगायच्या नाहीत. काका आतून कुरकुरायचे, "फी घेत नाहीस, शिकवतही नाहीस. मग करतेस काय नक्की?" ताई म्हणायच्या, "तेच तर बघतेय."

मागच्या आठवड्यात मी काकांना भेटायला धायरीला गेले. वाटलं होतं, घर सुनं असेल. दारात चपलांचा ढीग होता. दिवसकार्य झाल्यावर बायका आल्या, दारातच घुटमळल्या, आणि परीक्षा तोंडावर आहे, संगणक लावू का, असं सुनंदाबाईंनी विचारलं म्हणे. "मी काय नाही म्हणणार होतो?" काका म्हणाले. त्यांनी सगळ्यांसाठी चहा टाकला होता, साखर जरा जास्तच.

आतल्या खोलीत अर्थशास्त्राचा धडा चालला होता. महागाई वाढली की बचत करणाऱ्याचं काय होतं, असा प्रश्न. सुनंदाबाई एक म्हणत होत्या, त्यांची जाऊ दुसरंच. आवाज चढले. मग एकदम सगळ्या थांबल्या, आणि सगळ्यांच्या नजरा खिडकीजवळच्या ताईंच्या रिकाम्या जागेकडे गेल्या... काका चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. "माझ्याकडे बघू नका," ते म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही." मग ट्रे ठेवून तिथेच टेकले, घसा खाकरला आणि सुनंदाबाईंना म्हणाले, "पण तुम्ही तसं का म्हणताय, ते जरा सांगा बघू."