बिनदांड्याचा वाकस

बाबांनी जेवण सोडलं त्याला पाच दिवस झाले होते. लकवा मारला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पण सेवाग्रामच्या दवाखान्यातून पिपरी मेघेला माझ्या घरी आणलं तेव्हा भरवलेलं गिळत तरी होते. आता घास टेकवला की ओठ घट्ट. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी सरळच विचारलं, त्यांनाच जगायचं नसेल तर मी हात हलवून काय उपयोग? मला असा संताप आला! बाईंचा नाही, बाबांचा.

एकच वस्तू ते सोडत नव्हते. उशाशी ठेवलेलं, त्यांच्या हत्यारांतलं एक लोखंड. वीतभर लांब, पातं पळीसारखं आत वळलेलं, मागे दांड्यासाठी रिकामं भोक. मी सुताराची पोर. रंधा, पटाशी, लाकूड तासायचा साधा वाकस ओळखते, पण हे काही ओळखेना. आम्हा पोरींना बाबांनी हत्यारांना कधी हात लावू दिला नाही, मग कळणार कुठून? "दांडा तुटला का, बाबा? नवा आणू?" असं विचारलं तर डोळे मिटून घ्यायचे. मी तोच होकार धरला. दांडा बसला की माणूस उठेल, जेवेल, असं डोक्यात पक्कं बसलं.

बाबांचा डोळा लागला की ते लोखंड पिशवीत घालून वर्धेच्या बाजारात हिंडवलं. हार्डवेअरवाला म्हणाला, बागकामाचं असेल. भंगारवाल्यानं न विचारताच काट्यावर टाकलं, मी हिसकावून घेतलं. कुणी धड सांगेना, आणि घरी बाबांचा चेहरा दिवसागणिक आत जात होता. शेवटी बोरगाव मेघेला एक म्हातारे सुतार आहेत असं कळलं, तिथं गेले.

त्यांनी हातात घेताच ओळखलं. "हा तं काठवटीचा वाकस व माय! याच्यानं पीठ मळाची काठवट आतून कोरतेत."

"मग दांडा घालून द्या, काका. माझ्या बाबांचा आहे, ते अंथरुणावर आहेत. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी भोकात बोट फिरवलं. "दांडा तुटला नाई. तुटला असता तं लाकूड आत अडकून राह्यलं असतं. हा ठोकून काढला. तुह्या बापानंच काढला."

"काऊन?"

"हात थांबला का आमच्यातला सुतार दांडा काढते, चुलीत घालते, अन् त्याच चुलीवर तापलेल्या पाण्यानं आंघोळ करते. मंग तो जायाले मोकळा."

मला रविवार आठवला. बाबा परसातल्या चुलीपाशी मी बसवलेल्या खुर्चीत होते, डाव्या हातानं लाकडं आत सारत. मला केवढा आनंद झाला होता! शेजारणीला हाक मारून दाखवलं, बघा, बाबा काम करताहेत. आणि त्या पाण्यानं आंघोळ मीच घातली, डोकं चोळून चोळून. जेवण सुटलं ते त्याच संध्याकाळपासून.

मी म्हाताऱ्याशी भांडले. रीत गेली खड्ड्यात, दांडा घाला म्हटलं. ते म्हणाले, "उतरवलेल्या हत्याराले दुसऱ्यानं दांडा घालू नाई." मग लाजबिज सोडून त्यांच्या ओसरीतच बसून रडले. बऱ्याच वेळानं त्यांनी धावड्याचं एक न तासलेलं लाकूड आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे ने. माप घेतलं नाई मी. घालाचा का नाई, थे त्याले ठरवू दे."

घरी येऊन ते लाकूड मी बाबांच्या पुढ्यात आपटलं. "चुलीत काय घातलंत ते कळलं मला. माझ्या हातून आंघोळ करून घेतलीत ना? मला न विचारता कसे मोकळे होता हो तुम्ही? मी काय करू मग?"

बाबांनी डाव्या हातानं लाकूड जवळ ओढलं. सुतार दांड्याचं माप हत्यार चालवायच्या हातावर घेतो, कोपरापासून मुठीपर्यंत, एवढं मला माहीत होतं. मी घाईघाईनं त्यांचा उजवा हात उचलून लाकडावर ठेवला.

बाबांनी तो बाजूला सारला, पांघरूण सारावं तसा. लाकूड मांडीवर धरलं, डावं कोपर एका टोकाला टेकवलं, मूठ आवळली. मुठीशी नखानं रेघ ओढली आणि हनुवटीनं मला खुणावलं, इथं काप.

माप डाव्या हाताचं होतं.