मास्कआडचं बोलणं

उधन्याच्या लूमच्या कारखान्यात तीस वर्षं काढली की कान जातात. माझेही गेले. पण आम्हा कारागिरांचं त्यावाचून फारसं अडत नाही. त्या खडखडाटात कोण ऐकतंय कुणाचं? समोरच्याचे ओठ वाचायचे, मान हलवायची, झालं. डिंडोलीच्या खोलीतही माझं तेच. बायको अहिराणी बोलायची आणि तिचे ओठ मला इतके पाठ होते, की भांडी घासता घासता ती पुटपुटली तरी शिवी कुणाला आहे ते कळायचं.

तिच्या खालच्या जबड्यात, अक्कलदाढेपाशी, पाण्याची गाठ झाली. आम्हाला वाटलं दाढ दुखते, म्हणून ती मिश्री लावत बसली. गाल सुजायचा, तोंडात खारट पाणी सुटायचं, सूज उतरायची, की आम्ही खूष. जबड्याचा फोटो काढला तेव्हा कळलं, गाठीनं हाड आतून पोखरलंय.

डॉक्टर चांगला माणूस होता हो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला एकट्याला बसवून दहा मिनिटं समजावत होता. पण तोंडाला मास्क! नुसतं कापड वरखाली होत होतं. साहेब, मला ऐकू येत नाही, मास्क काढा, एवढं बोलायला माझा काय जीव जात होता? पण नाही. बहिरा म्हणवून घ्यायची लाज! शेवटी त्यानं भुवया उंचावल्या, म्हणजे काहीतरी विचारलं. मी नंदीबैलासारखी मान हलवली आणि सही ठोकली.

बाहेर बाकड्यावर ती वाट बघत होती. "काय म्हनस डॉक्टर?"

"काई नई. काढी टाकतीन," मी म्हणालो.

काढली. पण जबड्याखालून कापताना नसही गेली. ओठाची डावी बाजू लुळी पडली.

टाके काढायच्या दिवशी ती आत नर्सजवळ होती. डॉक्टर मास्क खाली करून चहा पीत होता. त्याचं हिंदी मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. म्हणाला, मी सांगितलं होतं ना, बारीक भोक पाडून गाठ हळूहळू सुकवता येईल, सहा-आठ महिने रोज धुवावं लागेल, पण नस बहुतेक वाचेल. की एकदम काढू, असं विचारलं, तर तुम्हीच मान हलवलीत.

ओठ आता सुधारणार नाही. चहा ओघळतो, ती पदर धरते. आणि तिचं बोलणं मला वाचता येत नाही. सगळे शब्द सारखेच दिसतात. तीनतीनदा बोलायला लावतो, मग ती कंटाळून हातानं दाखवते. जेव, झोप, दार लाव. तेहतीस वर्षांचा संसार एवढ्यावर आला. बाईला शिव्या द्यायचीही सोय ठेवली नाही मी.

रविवारी चलथाणहून मुलगी आली. आईचं तोंड बघून भडकलीच. माझ्यासमोर बसली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली, "पप्पा, मम्मी म्हणते डॉक्टरनं आधी काही विचारलंच नाही. तुम्ही होता ना तिथं? खरं सांगा, विचारलं होतं?"

बायको भाकरी थापायची थांबली.

"नाही विचारलं," मी म्हणालो.

तिनं मुलीकडे बघितलं, बघ मी सांगत नव्हते का, अशा नजरेनं. आणि पहिली गरम भाकरी माझ्या ताटात वाढली.