गुंडप्पांनी गाळलेली पानं

सास्तूरच्या गुंडप्पांचं लोहाऱ्यात अडत दुकान होतं, तेव्हा तूर नुसती मुठीत घेऊन ते तिची प्रत सांगायचे. पुढं काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. दुकान मुलानं, रुद्रेशनं, हाती घेतलं आणि गुंडप्पा घरात पुढच्या खोलीत बसून राहिले. दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग अंधांना संगणक शिकवायचं एक शिबिर झालं, रुद्रेशनं त्यांना तिथं नेऊन बसवलं, आणि माणसात जीव आला. पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घरातल्या संगणकात बसलं. सकाळी लिंगपूजा आटोपली, कपाळावर विभूती ओढली की गुंडप्पा हेडफोन लावून बाजारभाव ऐकत, बातम्या ऐकत. "आता वाच बाबा म्हणून कुणाची मिनतवारी न्हाय," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "अन् हे चहाबी मागत न्हाय."

अशात गावातल्या महिला मंडळानं एक वेबसाइट काढली. म्हाताऱ्या बायकांनी आपापल्या तोंडानं सांगितलेल्या आठवणी तिच्यावर होत्या. गुंडप्पांच्या बायकोनं, महादेवीनंही, जायच्या आधी आपली आठवण सांगून ठेवली होती. ती टाइप केली सून महेश्वरीनं. गुंडप्पांनी हौसेनं ते पान उघडलं, तर हेडफोनमधून आवाज आला, "के, कंस, सेमीकोलन, डब्ल्यू, कंस..."

"महेश्वरी! अगं, मेल्यावर तुझ्या आत्यांचं इंग्रजी लई सुधारलं की!"

महेश्वरी हसली आणि मग ओशाळली. लग्नाआधी ती उमरग्याला एका दुकानात लग्नपत्रिका टाइप करायची. तिथला जुना मराठी फॉन्टच तिच्या हाताला बसलेला. त्या फॉन्टात दिसायला मराठी अक्षर दिसतं, पण आत संगणकात इंग्रजीचंच अक्षर साठवलेलं असतं. डोळस माणसाला फरक कळत नाही. मशीन मात्र आत जे आहे तेच वाचतं. सगळं युनिकोडच्या नव्या फॉन्टात परत टाइप करणं, एवढाच इलाज तिला ठाऊक होता.

"कशाला मामा, मीच वाचून दाखवते की," ती म्हणाली आणि तिथंच बसून तिनं वाचलं. लग्नातली गव्हाची गोड हुग्गी, भूकंपानंतरचं पत्र्याचं शेड, शेडमधलं पहिलं बाळंतपण. गुंडप्पा कान देऊन ऐकत होते. पण महादेवी कर्नाटकातल्या आळंदकडची, बोलता बोलता कानडीत शिरणारी. या वाचनात कानडीचा एक शब्द नव्हता. आणि श्रावणाचं सांगता सांगता ती एकदम दिवाळीत कशी पोचली?

"मधलं काय झालं गं?"

"काय न्हाय मामा. तेवढंच हाय."

जन्मभर अडतीवर बसलेल्या माणसाला आवाजातली खोट कळते. "मला ते परत टाइप करून दे," गुंडप्पा म्हणाले. "माझं मी ऐकतो."

महेश्वरी आज-उद्या करत राहिली. कधी पाहुणे, कधी सण, कधी अंगात कणकण. पण सासरा रोज विचारी. शेवटी एका दुपारी तिनं काम पुरं केलं. "सगळं टाकलंय मामा. एक शब्द सोडला न्हाय," म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

गुंडप्पा ऐकू लागले. मशीनचा आवाज सपाट, पण बोलणं महादेवीचं.

"मला अक्षर येत न्हवतं. श्रावणात मालक पोथी वाचायचे अन् मी हात जोडून ऐकायची. लोहाऱ्याच्या जीपचा हॉर्न वाजला की मालक चार-चार पानं एकदम उलटायचे. मला पानांचा आवाज कळायचा की. गोष्टीतली राणी रानात रडत असायची अन् लगेच महालात बसलेली असायची. मधी तिचं काय झालं, मला कधीच कळलं न्हाय. एकदा म्हणलं, मला अक्षरं शिकवा, माझं मी वाचीन. मालक म्हणले, मी हाय की वाचायला. मग मी सुम्मने बसले."

त्या कानडी शब्दावर मशीन अडखळलं, वेडंवाकडं बोललं. गुंडप्पांना तो बरोबर ऐकू आला. सुम्मने. गप्प. ती गप्प बसली.

तिला कळत नाही असं ते समजून चालले होते. दरवर्षी ती विचारायची, "झालं का?" आणि ते "झालं" म्हणून पोथी कपड्यात बांधायचे. देवासमोर बसून, अंगाला विभूती लावून खोटं बोलायचे. आणि ती त्या अर्ध्या पोथीलाही मनापासून नमस्कार करायची. जीप काय, मागून दुसरी आलीच असती. आज त्यांनी पानन् पान वाचून दाखवलं असतं, पण वाचायला डोळे नाहीत आणि ऐकायला ती नाही. त्यांनी ते पान पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा तिथंच येऊन थांबले.

महेश्वरी दारात येऊन उभी होती. "तुमाला वाईट वाटंल म्हणून गाळलं होतं, मामा."

गुंडप्पांनी हेडफोन काढून ठेवले.

"ते काढून टाकू का? सारं गाव वाचतंय."

"न्हाय. ऱ्हाऊ दे." मग ते म्हणाले, "पानाच्या वर काय हाय? मशीन नुसतं 'चित्र' म्हणतं अन् फुडं जातं."

"आत्यांचा फोटो हाय. त्यात काय दिसतं ते लिहिलं की मशीन तेबी वाचतं. माझं लिहायचं राहिलं."

"मग लिही आता."

महेश्वरी शेजारी बसली आणि टाइप करता करता मोठ्यानं म्हणू लागली, "महादेवीबाई. हिरवं इरकल लुगडं, कपाळाला विभूती, चेहरा हसरा..."

"हसतीय का ती?" गुंडप्पांनी विचारलं.

महेश्वरीनं फोटोकडं नीट पाहिलं. "न्हाय, मामा."

"मग जशी हाय तशी लिही."