अर्धं सूत

जब्बार मिस्त्रीला चाकाचा रोख नुसत्या डोळ्यानं कळतो, असं जळगावात लोक सांगत. ते खरं नव्हतं. जब्बारचा डोळ्यावर अजिबात भरवसा नव्हता. सुतळी, ओळंबा, पोलादी पट्टी आणि स्वतःचा उजवा तळवा, एवढ्यांचंच तो ऐकायचा.

त्याचे वडील बैलगाडीच्या चाकांना धावा चढवत. धाव म्हणजे लाकडी चाकावरचं लोखंडी कडं. भट्टीत लाल करून ते चाकावर ठोकायचं, वर पाणी ओतायचं, की कडं आवळून घट्ट बसतं. धाव जराशी तिरकी बसली तर गाडी आठवड्याभरात चाकोरीच्या कडा खाऊ लागते आणि गाडीवान शिव्या देत परत येतो. वडिलांना अशा शिव्या आयुष्यात दोनदाच मिळाल्या, आणि त्या दोन्ही शेतकऱ्यांची नावं ते मरेपर्यंत सांगत. जब्बारनं धंदा बदलला. तो ट्रकांकडे वळला, नशिराबादच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. पण हिशेबाची ही रीत त्यानं घरातूनच उचलली होती. सेहेचाळिसाव्या वर्षी त्याच्या खात्यात अशी एकही शिवी नव्हती.

सदुसष्ट साली कापसाचे व्यापारी भिकमचंद शेठ यांच्या मुलानं, प्रकाशचंदनं, महूच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून दोन सीटांची उघडी विलायती गाडी आणली. वजनाला हलकी, उंचीला कमरेइतकी. गावात तिचं खरं नाव कुणी घेतलं नाही. सगळे तिला बुटकी म्हणत. शेठच्या आवारातला हमाल सुपडू पहिल्या दिवशी तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि अहिराणीत म्हणाला, "मिस्तरी, हाई गाडी शे का पाट शे?"

"बसून बघ," जब्बार म्हणाला.

"बसी जासू. उठाडी कोन?"

गाडीला वय झालं होतं. वजन पेलणारे मागचे कमानपाटे उतरले होते, पुढच्या चाकांचे सांधे थोडे ढिले होते, आणि साठच्या वर वेग गेला की हातातलं चक्र थरथरायचं. मुंबईला न्यावी, असं लोकांनी सुचवलं. प्रकाशचंदला ते नको होतं. गाडी घरीच करायची, आपल्यासमोर करायची, आणि आपणही हात काळे करायचे, हा त्याचा हट्ट होता. जब्बारलाही शेडमध्ये हे काम नको होतं. तिथली जमीन ट्रकांनी खणून काढलेली. शेठच्या पेढीमागे मात्र शहाबादी फरशीचं आवार होतं. रबरी नळीत पाणी भरून जब्बारनं फरशीची पातळी तपासली. एका कोपऱ्यात दोन सूत, म्हणजे पाव इंच, उतार निघाला. तेवढ्या भागात त्यानं चाकाखाली पत्र्याचे तुकडे घातले.

अडुसष्टच्या भाद्रपद-आश्विनात हे काम चाललं. जब्बारनं मागचे पाटे सोडवून वडिलांच्या जुन्या भट्टीत पुन्हा कमान दिली. पुढची गुंडाळीची स्प्रिंग काढून दोन्ही बाजूंची उंची मोजली. गाडी रिकामी असताना माप घेतलं तर चालवणारा बसल्यावर ते बदलतं. म्हणून चालकाच्या जागी वजन ठेवायचं ठरलं. प्रकाशचंद कापसाच्या काट्यावर उभा राहिला. छप्पन किलो भरला. सुपडूनं तेवढ्याच वजनाचं सरकीचं पोतं भरून सीटवर टेकवलं आणि दोन पावलं मागे सरून त्याला नमस्कार केला. "राम राम, छोटा शेठ!"

"तुझ्यापेक्षा तो जास्त काम करतो," प्रकाशचंद गाडीखालून म्हणाला.

रोज सकाळी दोन तास तो जब्बारबरोबर गाडीखाली पडलेला असे. जब्बारनं त्याला टायर वाचायला शिकवलं. पुढची दोन चाकं समोरच्या बाजूला जराशी एकमेकांकडे वळलेली हवीत, किती, तर अर्धं सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चाकं त्यापेक्षा आत वळली किंवा बाहेर फाकली, की टायर रस्त्यावर नीट फिरत नाही, आडवं घासत जातं. घासलेल्या रबराच्या प्रत्येक पट्टीला एका बाजूनं धार येते. डोळ्याला ती दिसत नाही. तळवा टायरवर आडवा फिरवायचा. बाहेरून आत नेताना अडला, तर चाकं बाहेर फाकलेली. आतून बाहेर नेताना अडला, तर आत वळलेली. दोन्हीकडून सारखाच सरकला, तर ठीक.

"म्हणजे टायर खोटं बोलत नाही," प्रकाशचंद म्हणाला.

"त्याला बोलायला हजार मैल लागतात, भाऊ. तोवर माप घ्यायचं."

काम संपायला दसरा उजाडला. सकाळीच प्रकाशचंदच्या आईनं, धनकुंवरबाईंनी, गाडीची पूजा केली. कुंकू, हार, चाकाखाली लिंबू. धुळ्याकडे जायचा मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचा काढला होता. शेठच्या घराण्यात एक रीत होती. पूजा झालेलं वाहन मुहूर्तापूर्वी पुढे हलवायचं नाही. धनकुंवरबाईंच्या सासऱ्यांच्या छकड्यापासून ती चालत आलेली.

जब्बारचं शेवटचं माप राहिलं होतं. टायरवर खडूची खूण करायची, मागून अंतर मोजायचं, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलायची, आणि तीच खूण पुढे आली की पुन्हा मोजायचं. पुढेच ढकलायची, कारण गाडी पुढे जाते तेव्हा रस्ता चाकांना मागे खेचतो आणि सांध्यातली ढिलाई एका बाजूला जाऊन बसते. मागे ढकलली तर ती उलट्या बाजूला बसते आणि माप खोटं येतं. नव्या गाडीत फरक नगण्य. या गाडीचे सांधे झिजलेले होते.

सुपडूनं मागून हात लावला तोच दारातून धनकुंवरबाई म्हणाल्या, "मिस्त्री, पुढे नको. मागे घ्या."

"भाभीजी, पुढे घ्यावी लागते. दोनच हात."

"उद्या नऊनंतर दोन कोस घ्या. आज मागे घ्या."

प्रकाशचंद हसला. "चाचा, आईपुढे आमचे आजोबाही हरले."

सणाचा दिवस होता, बाईंचा हात कुंकवाचा होता. त्यानं गाडी मागे घेतली, माप घेतलं, चाकं जास्तच आत वळलेली दिसली म्हणून चाकं वळवणाऱ्या सळ्या तेवढ्या सैल करून अर्ध्या सुतावर आणल्या, आणि त्या हलू नयेत म्हणून चेकनट आवळले. नट आवळतानाच त्यानं सांगितलं, "पंधरा दिवसांनी आणा. मी पुन्हा मोजतो."

पंधरा दिवसांनी जब्बार चोपड्याला एका जिनिंगच्या इंजिनावर होता. महिन्याभरानं प्रकाशचंद शेडसमोर थांबला, उतरलाही नाही. "चाचा, काय केलंत! बोटानं वळते."

चाकं बाहेर फाकलेली असली की गाडी वळायला हलकी होते. जब्बारला हे माहीत होतं. समोर जॅकवर ट्रक होता. "आणा एकदा," तो म्हणाला. प्रकाशचंदनं हात हलवला आणि गेला.

पौषात, दुपारी अडीचच्या सुमारास, पारोळ्याच्या पुढे सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे उतरली. प्रकाशचंद बाहेर फेकला गेला. डोकं मैलाच्या दगडावर आपटलं. गाडी दादर ज्वारीच्या शेतात चार चाकांवर उभी होती, डाव्या मडगार्डला पोचा, इंजिन चालू. पंचनाम्यात लिहिलं, चालकाचा ताबा सुटल्याने. वय वर्षे बावीस.

जब्बारकडे कुणी बोट दाखवलं नाही. तो अंत्ययात्रेला गेला, सगळ्यांबरोबर चालला, परत येऊन शेड उघडली. गाडी शेठच्या आवारात ताडपत्रीखाली आहे हे त्याला ठाऊक होतं. शेडपासून तिथवर सायकलनं दहा मिनिटं लागत. तो गेला नाही. जेवताना मीठ कमी-जास्त झालेलं त्याला कळेनासं झालं. त्याच्या बायकोनं, हमीदानं, एकदा मुद्दाम भाजीत मीठ घातलंच नाही. त्यानं ती संपवली. शेडमध्ये आलेल्या प्रत्येक ट्रकच्या पुढच्या टायरवर तो आडवा तळवा फिरवायचा, गाडी ब्रेकसाठी आलेली असली तरी. ड्रायव्हर थट्टा करत, "मिस्त्री, म्हैस नाही, टाटा आहे." तो हसायचा नाही, चिडायचाही नाही.

मार्चमध्ये शेठचं बोलावणं आलं.

भिकमचंद शेठ आवारात उभे होते. ताडपत्री काढलेली होती. "इंदूरचा एक गृहस्थ गाडी बघायला येतोय. सरळ करून द्या," ते म्हणाले. मग, "आणि एक सांगा. त्या दिवशी गाडी खराब होती का?"

"बघावं लागेल, शेठ."

"आता कळेल?"

"कळेल."

"कशावरून?"

"टायरवरून."

जब्बारनं आधी बाकीचं सगळं पाहिलं. चेकनट त्यानं आवळले होते तसेच होते, त्यावरची त्याची पिवळ्या रंगाची खूण जुळत होती. सळ्या वाकलेल्या नव्हत्या. पाटे शाबूत होते. मैलांच्या घड्याळात दसऱ्यानंतरचे अकराशे चाळीस मैल भरत होते. बघण्यासारखं आणखी काही उरलं नाही, तेव्हा तो पुढच्या डाव्या चाकापाशी बसला, हात फडक्याला पुसला आणि तळवा टायरवर ठेवला.

आतून बाहेर गुळगुळीत गेला. बाहेरून आत आणताना अडला.

त्यानं उजवं चाक पाहिलं. तिथेही तसंच.

"चाकं बाहेर फाकलेली होती," तो उठून म्हणाला. "माझं माप चुकलं."

शेठनी विचारलं, "किती?"

"अर्धं सूत. फार तर पाऊण."

शेठनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून एवढं म्हणजे किती ते स्वतःच पाहिलं. "एवढ्यानं माणूस मरतो?"

"एवढ्यानं टायर मरतं, शेठ. गाडी रस्त्यावर जरा भिरभिरते. चक्र सैल धरलं असेल, खड्डा आला असेल, तर... माणसाचं मला सांगता येत नाही."

"तुमचं माप कधी चुकत नाही म्हणतात."

"गाडी मागे ढकलून माप घेतलं. पुढे ढकलायची असते."

"मग मागे का ढकललीत?"

सुपडू काट्याजवळ उभा होता, त्यानं मान खाली घातली. जब्बार म्हणाला, "घाई केली."

"घाई नव्हती," दारातून आवाज आला. धनकुंवरबाई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. किती वेळ, ते कुणाला माहीत नव्हतं. "मी सांगितलं मागे घ्या."

"हात माझा होता, भाभीजी. मला ठाऊक होतं."

"मी बोलले नसते तर?"

जब्बारला उत्तर टाळता आलं असतं. टाळावं असं त्याच्या मनातही आलं नाही. मनात काही येतच नव्हतं. "तर पुढे घेतली असती," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली, बाजारातून आणलेला जिन्नस बरोबर आहे असं सांगताना हलवतात तशी. आवारापलीकडे जिनिंगचं यंत्र चालू होतं, त्याचा एकसुरी आवाज येत होता. मग शेठ म्हणाले, "सरळ करा."

जब्बारनं नळीनं पातळी पाहिली, पत्र्याचे तुकडे घातले, सळ्यांचे नट सैल केले. सुपडू जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "मिस्तरी, पोतं भरू? कितलं?"

"छप्पन."

"राहू दे," शेठ म्हणाले. त्यांनी जोडे काढले, धोतर सावरलं, दारावर हात टेकून गाडीत उतरले. या गाडीत ते आजवर कधी बसले नव्हते. पाय समोर सरळ लांब गेले. चक्राला हात लावावा की नाही हे ठरेना, म्हणून त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"इतकं खाली असतं?"

"हो, शेठ." जब्बार म्हणाला. "पण तुमचं वजन जास्त भरेल. माप तेवढं फिरेल."

"इंदूरवाल्याचं वजन ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही."

"मग घ्या."

जब्बारनं दोन्ही टायरवर खडूची खूण केली, मागचं अंतर मोजलं. सुपडू सवयीनं गाडीच्या पुढे गेला आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. दसऱ्याच्या दिवशीही शेवटी तो तिथेच उभा होता.

"तिथे नाही," जब्बार म्हणाला. "मागे ये. पुढे ढकलायची."

धनकुंवरबाई उभ्या होत्या त्या दाराकडे त्यानं पाहिलं नाही. गाडी अर्धा फेरा पुढे गेली, शेठचं डोकं किंचित मागे आणि पुन्हा पुढे झालं. खूण समोर आली. जब्बारनं पट्टी लावली, सळी पाव आटा फिरवली, गाडी मागे नेऊन पुन्हा पुढे आणवली, पुन्हा पट्टी लावली. तिसऱ्यांदा आकडा तोच आला. त्यानं चेकनट आवळले आणि पिवळा रंग लावला.

"झालं, शेठ. उतरा."

शेठ उतरले नाहीत. ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

"आणखी एकदा मोजा," ते म्हणाले.

जब्बारनं सुपडूला खूण केली. गाडी पुन्हा अर्धा फेरा पुढे गेली, भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. जब्बार गुडघ्यावर बसला, पट्टी लावली, वाचली.

"अर्धं सूत," तो म्हणाला.