चार माणसांची चार मचाणं

कॅनडातल्या केंब्रिजपासून उत्तरेला गाडीने चारेक तासांवर एका शेतकऱ्याची झाडी होती. मेपल, पॉपलर, हेमलॉक, मधून वाहणारा ओहळ आणि ओहळाकाठी एक लाकडी केबिन. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हापासून दर नोव्हेंबरात हरणांचा मोसम उघडला की आठवडाभर मी तिथे असे. शिकारीची मला आवड नव्हती. तिथे माणसं होती, म्हणून मी जात असे.

आम्ही सगळे एका छोट्या दैनिकात कामाला होतो. छपाईखात्याचा फोरमन, केबिन त्याने भाड्याने घेतलेली होती. अंकांचे गठ्ठे गावोगाव टाकणारा ट्रक ड्रायव्हर. एक फोटोग्राफर. आणि बातम्या तपासून मथळे देणारा मी. हेच काम मी मुंबईत मराठीतून केलं होतं. याआधी चौथा माणूस म्हणून एक कंपोझिटर जात असे. कंपोझिंगला कॉम्प्युटर आल्यावर तो अल्बर्टाला निघून गेला. तेव्हा एका दुपारी फोरमन माझ्या टेबलापाशी आला.

“एडिटर, बंदूक चालवता येते?”

“नाही.”

“ओरडता येतं?”

“येतं.”

“मग चल.”

त्याच वर्षी माझी बायको मॉन्ट्रियलला गेली होती. फ्रेंच शिकून तिथे नोकरीला लागली आणि नंतर तिला परत येण्याचं कारण उरलं नाही. मी एका बेसमेंटमध्ये राहत होतो. सणाला टोरांटोत आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, समाजाची थोडी कुटुंबं जमत. तिथे मराठी कानावर पडे. पण प्रत्येक वेळी कोणीतरी तिची चौकशी करी, म्हणून मी जाणं कमी केलं. सुट्टीच्या दिवशी माझं बोलणं व्हायचं ते ग्रोसरीच्या काउंटरवर, तेही पिशवी हवी की नको एवढंच.

केबिनमधली शिकार म्हणजे हाका. दोघांनी झाडीच्या वरच्या टोकाला झाडांवर ठोकलेल्या फळ्यांवर बंदुका घेऊन बसायचं आणि दोघांनी खालून आरडाओरडा करत हरणं त्यांच्याकडे हाकलायची. दुपारनंतर पाळी बदलायची. मी कोकणातला. भाताच्या खळ्यावरची पाखरं हाकलतात तसं ‘हाट, हाट’ ओरडत मी पहिल्याच दिवशी झाडीत शिरलो. ट्रक ड्रायव्हरला ते इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत तोही तेच ओरडू लागला. रात्री शेगडीभोवती वाद चाले. हरीण कोणाच्या चुकीने निसटलं, कोण ओहळात पडला, फोरमन वळणावर थांबून सिगरेट ओढत होता की नव्हता. फोटोग्राफर सगळ्यांच्या नकला करी. माझीही करी, आणि बरी करी. हरणं फारशी मिळत नसत.

असे काही मोसम गेले. मग एका ऑक्टोबरात शेतकऱ्याने फोरमनला बोलावून घेतलं. त्याने झाडीतले काही मेपल सॉमिलला विकले होते आणि एका ओंडक्यात खिळा लागून करवतीचं पातं गेलं होतं. आमच्या बसायच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या.

“यापुढे माझ्या झाडात लोखंड गेलेलं दिसलं,” तो म्हणाला, “तर तुम्ही सगळे बाहेर.”

म्हणजे आता खिळ्याशिवाय झाडाला लावता येईल आणि आठवड्याने काढून नेता येईल असं मचाण हवं होतं. तशी मचाणं तेव्हा नव्याने दुकानांत येऊ लागली होती. कोणती घ्यायची हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं.

“तू वाचतोस,” फोरमन म्हणाला. “आम्ही चित्रं बघतो.”

मी कॅटलॉग मागवले आणि कुठलीही बातमी तपासावी तसे तपासले. मचाणं तीन प्रकारची होती. पहिलं माणसाबरोबर वर सरकणारं: फळी पायांना बांधायची, खोडाला मिठी मारायची, पाय वर ओढायचे, पुन्हा मिठी मारायची. त्याला सरळ, बिनफांद्यांचं खोड लागतं, आणि ते खोडाची साल ओरबाडतं. शेतकऱ्याने तेही चालवून घेतलं नसतं. दुसरं शिडीचं: सगळ्यात भक्कम, पण झाडीत आत न्यायला दोन माणसं लागत. तिसऱ्यात एक छोटी फळी साखळीने खोडाला आवळायची आणि तिच्यापर्यंत जायला चढकाठ्या वापरायच्या. चढकाठी म्हणजे हातभर लांबीची लोखंडी नळी, दोन्ही अंगांना पाय ठेवण्यापुरते दांडे. पट्ट्याने एक बांधायची, तिच्यावर उभं राहून वरची बांधायची. वाकड्या झाडालाही चालते, फांदी आली तर बाजूने नेता येते, आणि एकटा माणूस सगळं पाठीवर टाकून जाऊ शकतो.

तिसरा प्रकार घ्यावा, असं मी एका पानात लिहिलं. एकटा माणूस नेऊ शकतो, हा मुद्दा मी सगळ्यात वर घेतला होता.

व्हिटबीला शिकारीच्या सामानाचं एक दुकान होतं. मागच्या पार्किंग लॉटमध्ये दुकानदाराने टेलिफोनचा एक जुना खांब रोवला होता, गिऱ्हाइकाने चढून बघावं म्हणून. आम्ही चौघे एका शनिवारी तिथे गेलो. आधी ट्रक ड्रायव्हर सरकत्या मचाणावर चढला. अर्ध्यावर गेल्यावर पायाखालची फळी निसटून खाली पडली आणि तो खांबाला लटकला.

“लग्नात सुद्धा इतकी घट्ट मिठी मारली नव्हतीस,” खालून फोटोग्राफर म्हणाला.

“शिडी आण, मग बोल!”

चढकाठ्यांवरून मी चढलो. मी सगळ्यांत हलका होतो. पट्टा खोडाला सपाट बसला की काठी हलत नाही, पिळा पडला की कलते. साखळी मात्र वाजत होती. तिला सायकलची जुनी ट्यूब चढवा, असं दुकानदाराने सांगितलं. वरून पार्किंग लॉट, गाड्यांची टपं आणि त्या तिघांची वर वळलेली तोंडं दिसत होती.

“किती देऊ?” दुकानदाराने विचारलं.

“दोन,” मी म्हणालो. फळ्याही दोनच होत्या.

“माणसं चार आणि मचाणं दोन? बाकीचे दोघे काय करणार?”

“हाका.”

“हाका आता कोण घालतं? ओरडून हरीण घाबरवायचं आणि पळत्यावर गोळी झाडायची. मचाणावर गप्प बसा, हरीण आपल्या पायांनी येतं.”

फोरमनने माझ्याकडे बघितलं. त्याच्या हातात माझं पान होतं. “तूच लिहिलंयस, एकटा माणूस नेऊ शकतो,” तो म्हणाला. “चार घेऊ.”

दुकानदाराचं म्हणणं खरं होतं. त्या नोव्हेंबरात माझ्याखेरीज तिघांनाही हरणं मिळाली. एका मोसमात तीन, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मधून कोणी हिंडला तर सगळ्यांचंच बिघडतं, हे दोन दिवसांत सगळ्यांना पटलं आणि हाका बंद झाला. त्यावर चर्चा झाली नाही. उजाडण्याआधी चौघे चार वाटांनी जात आणि आपापल्या सवडीने खाली उतरत. रात्री बोलण्यासारखं थोडं असे. हाक्यात जे घडे ते चौघांच्या समोर घडे, त्यावर भांडता येई. मचाणावरचं ज्याचं त्यालाच माहीत. ते दोन वाक्यांत सांगून होई, ऐकणारे मान हलवत आणि झोपायला जात.

माझं झाड ओहळापलीकडचा एक म्हातारा मेपल होता. तो मी निवडला, कारण पानं गळल्यावर तिथून फोटोग्राफरची नारिंगी टोपी दिसे. तो थर्मास उघडी, कप झटकी, कधी नुसतीच मान वळवी. हरीण कुठून येईल ते मी विसरत असे. दुसऱ्या मोसमात त्याच्या ते लक्षात आलं.

“एडिटर, तू माझ्याकडे काय बघत बसतोस?”

“वारा कुठला आहे ते बघतो.”

“वारा माझ्या टोपीत नाहीये. झाड बदल बाबा. माझ्या हरणांना तुझा वास येतो.”

मचाण काढायला वेळ लागला नाही. साखळी सैल केली, काठ्या उतरवल्या, सगळं पाठीवर घेतलं. टेकडीच्या मागे एका हेमलॉकला ते लावलं. तिथून कोणी दिसत नव्हतं. दुपारी बर्फ भुरभुरलं तर फळीवर पडल्याचा आवाज ऐकू येई. माझं तोंड दिवसभर बंद असे, आणि उतरल्यावर पहिला शब्द घोगरा निघे. हाच आवाज मला बेसमेंटमध्ये ओळखीचा होता.

तिसऱ्या मोसमात, आठवड्याच्या मध्यावर, त्या हेमलॉकखाली एक नर आला. शिंगं मध्यम. तो ओहळाकडून चढून आला, थांबला, नाक वर केलं आणि माझ्याकडे कूस करून आडवा उभा राहिला. फोरमनने मला जुनी रायफल देऊन ठेवली होती आणि गावाबाहेरच्या खाणीत डब्यांवर नेमही शिकवला होता, पण आजवर मी हरणावर गोळी झाडली नव्हती. झाडण्याचं कारणही नव्हतं. आमच्या धर्मात हरीण चालतं, पण रीतीने गळा कापलेलं. गोळीने पडलेल्याचं मांस मी खाणार नव्हतो.

केबिनचा एक नियम होता. हरीण पडलं की शिट्टी वाजवायची, मग बाकीच्यांनी जिथे असतील तिथून उतरून ओढायला यायचं. नर जड असतो, एकट्याने निघत नाही.

मी नेम धरला आणि गोळी झाडली. तो थोडा धावला आणि पडला. मी खाली उतरलो, तो हलत नाही याची खात्री केली आणि शिट्टी वाजवली.

पहिल्यांदा फोरमन आला, धापा टाकत. मग ट्रक ड्रायव्हर. फोटोग्राफर सगळ्यांत शेवटी, ओहळात एक पाय भिजवून.

“एडिटर!” ड्रायव्हर ओरडला. “मला वाटलं तू पडलास.”

“पडला असता तर ओढायला सोपा होता,” फोटोग्राफर म्हणाला. “हे बघ केवढं धूड.”

फोरमनने मला मिठी मारली. हरीण साफ करून त्यांनी शिंगांना दोर बांधला. आम्ही दोघे-दोघे पाळीपाळीने ओढत होतो. टेकडीवर ड्रायव्हर घसरला आणि हरणासकट खाली गेला. ओहळ ओलांडताना फोरमन आणि फोटोग्राफर रस्त्यावरून भांडले. तो म्हणे डावीकडून, हा म्हणे उजवीकडून, आणि दोघेही मला साक्षीला घेत होते. मी दोघांनाही दुजोरा देत होतो. केबिनपर्यंत पोचेतो अंधारलं. त्या रात्री कोणी लवकर झोपलं नाही.

सकाळी अंधारात तिघे बूट चढवत होते. मीही उठलो.

“तू झोप की,” फोरमन म्हणाला. “तुझा परवान्याचा टॅग लागला. एका माणसाला एक हरीण. तुझा मोसम संपला.”

“बॉस, मी बंदूक घेत नाही. खालून हाका घालतो. तुम्ही तिघे वर बसा.”

तो लेस बांधता बांधता थांबला. त्याने खरोखर विचार केला, असं मला वाटलं. मग म्हणाला, “नको रे. आता बसायची सवय झाली. उगाच सगळं पळून जाईल.” दारातून त्याने मागे वळून विचारलं, “घरी जाणार असशील तर जा. नाहीतर ते काळीज परतून ठेवशील? कांदे आहेत.”

तिघे तीन वाटांनी गेले. विजेऱ्यांचे उजेड झाडीत वेगवेगळे झाले आणि दिसेनासे झाले. मी घरी गेलो नाही. काळीज कापलं, कांदे चिरले, सोबत आणलेलं तिखट घातलं. दुपारी ड्रायव्हर आला, जेवला आणि परत गेला. मग फोटोग्राफर. फोरमन दिवस मावळताना. तीन वेळा मी तवा शेगडीवर चढवला. मीठ बरोबर आहे का, हे मला प्रत्येकाला विचारावं लागलं, कारण ते मला चाखता येत नव्हतं. तिघांनीही बरोबर आहे म्हणून सांगितलं.