लाल रंग लवूलाच

भागोजी पूर्णगडचा तांडेल, मासेमारी बोटीचा कप्तान. दर्याला कधी भ्याला नाही, पण चुलतभाऊ लवूला किती बांगडा लागला हे कळल्याशिवाय त्याच्या घशाखाली भात उतरायचा नाही. लवूने बोटीवर मासळी दाखवणारा पडदा बसवला, तर ह्याने दुसऱ्या महिन्यात बसवला. पडद्यावर निळं म्हणजे नुसतं पाणी. लाल फुगलं की खाली थवा. आणि लाल नेहमी लवूच्याच पडद्यावर फुगायचं.

मग भागोजीला झटके यायला लागले. डोक्यात गाठ निघाली. दोन महिन्यांनी लवूही चक्कर येऊन पडला. त्यालाही गाठच.

"जल्ला मेला, ह्याच्यातपन माज्या मागं आला!" भागोजी बायकोला, गुणवंतीला म्हणाला.

रत्नागिरीत दोघांचे मेंदूचे फोटो एकाच दिवशी निघाले. गाठ किती जोरात वाढेल याचा अंदाज रंगांत दाखवणारे. बाहेरच्या बाकावर दोघांनी आपापले कागद मांडीवर पसरले. भागोजीची गाठ निळी. लवूची लालभडक.

"बग, माज्यात थवा हाय," लवू हसला. "तुज्यात नुसता पानी."

भागोजीचं तोंड आंबट झालं. "मशीन तेच, पन लाल त्याला दिलान," तो पुटपुटला.

"आवो, गाठ हाय ती, बांगडा नाय," गुणवंती म्हणाली.

आत गेल्यागेल्या त्याने डॉक्टरांपुढे कागद आपटला. "माजा परत काडा. रंग नीट आला नाय."

"निळा आलाय तेच बरं," डॉक्टर म्हणाले. "लाल म्हणजे तिथं रक्त फार धावतंय. अशी गाठ झपाट्याने वाढायची भीती असते. तुमची संथ दिसते. तुकडा तपासला की नक्की कळेल."

भागोजीने आपटलेला कागद परत उचलला. जन्मात पहिल्यांदा तो लवूच्या पुढे गेला होता.

बाहेर लवू अजून कागद न्याहाळत होता. "काय बोलला डाक्टर?"

"काय नाय. रंगाचा काय खरा नसतो," भागोजीने ठोकून दिलं. "माजा पडदापन वर्सभर लाल दाकवी, नि जाळ्यात शेवाळ येय. जा, तुला बोलावलानी."

लवू आत गेला. दार लागलं. भागोजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला.

"बगलंस?" तो गुणवंतीला म्हणाला. "मला धा मिनटात भायेर काडलान. त्याला केवडा येळ देतो बग."

गुणवंतीने त्याच्या मांडीवरचा निळा कागद उचलला, घडी घातली आणि पिशवीत तळाशी सारला.