नंदाबाईच्या तीन होळ्या

मोहाच्या तांड्यावर नंदाबाई आडेबद्दल कोणालाही विचारा, आधी तिच्या आवाजाबद्दल सांगतील. वरच्या गल्लीतून तिने हाक मारली की खालच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसतं. हा आवाज ती लग्न होऊन आली तेव्हापासूनचा आहे. तांड्याने मात्र त्याला नावं ठेवायला ती सरपंच होईपर्यंत वाट पाहिली.

मी या तांड्याच्या शाळेत शिकवते. दारव्ह्याहून सकाळच्या जीपने येते, संध्याकाळच्या जीपने परत जाते. इथल्या निवडणुकीत माझं मत नाही, म्हणून लोक माझ्याजवळ मोकळं बोलतात. न विचारता ऐकावं लागतं ते सगळं मी ऐकते.

सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा लोकांनी नंदाबाईचं नाव काढलं, पण ते तिच्या गुणांसाठी नव्हे. तिचा नवरा भारत कोणाच्या अध्यात ना मध्यात. तो खुर्चीजवळ बसेल आणि त्याच्या कानाशी डोंगरसिंग बसेल, असा सगळ्यांचा अंदाज. डोंगरसिंग हा आधीचा सरपंच, भारतचा धाकटा चुलतभाऊ, म्हणजे नंदाबाईचा दीर. आता तो उपसरपंच झाला होता. पहिल्या सभेला भारतला बोलवायला माणूस गेला, तर भारत म्हणाला, "सरपंच ते हाय. मी कायले येऊ? मले वावरात काम हाय." त्या दिवसापासून भारत बायल्या ठरला आणि नंदाबाई नवऱ्याच्या डोक्यावर बसलेली.

खुर्चीवर बसून तिने एकच मोठं काम केलं. तांड्याला पाण्याची टाकी एक, नळ दोन गल्ल्यांना. टाकीचा वाल उघडायची चावी डोंगरसिंगच्या घरी खुंटीला टांगलेली असायची. त्याचं घर खालच्या गल्लीत. खालची गल्ली भरून झाली, बैल धुऊन झाले, की उरलंसुरलं वर चढायचं. बहुतेक वेळा चढायचंच नाही, आणि वरच्या बाया उताराखालच्या हातपंपावर जायच्या. नंदाबाईने चावी पंचायतीच्या कपाटात आणली आणि पाळी लावली. एक दिवस खालच्या गल्लीला आधी पाणी, एक दिवस वरच्या. खालची गल्ली मोठी, तिथली घरं मातब्बर. त्यांचे नळ काही आटले नव्हते, फक्त एक दिवसाआड थांबावं लागत होतं.

थांबायची सवय नसलेल्या माणसाला थांबणं म्हणजे अन्यायच वाटतो. पण तसं तोंडाने म्हणता येत नाही, म्हणून लोक तिच्या आवाजावर बोलू लागले. तिच्या बसण्यावर बोलू लागले. पंचायत समितीतून ती शेवटच्या जीपने आली की ओट्यावर कोणीतरी विचारायचंच, "कोनासंग गेलती?" डोंगरसिंग सरपंच असताना दोन-दोन दिवस यवतमाळला मुक्काम करायचा, तेव्हा याच ओट्यावर कौतुक होतं, गडी गावासाठी झिजतो म्हणून. ग्रामसभेत त्याने एकदा एका म्हाताऱ्याच्या अंगावर पाण्याचा ग्लास भिरकावला होता. तो कडक माणूस. नंदाबाईने टेबलावर हात आपटला, ती भांडखोर.

आता होळीचं सांगते, कारण पुढचं सगळं होळीवर घडलं.

धुळवडीला नायकाच्या दारासमोर खुंट रोवतात आणि त्याला गोडाचा हंडा बांधतात. नायक म्हणजे तांड्याचा म्होरक्या. इथे म्हातारा रामसिंग. हातात काठ्या घेऊन हंडा राखणाऱ्या बाया त्या गेरणी. हंडा पळवायला येणारे पुरुष ते गेरिये. पळवायला आलेल्याला गेरणी झोडपतात, आणि तो मार नावापुरता नसतो. पाठीवर वळ उठलेला गडी आठवडाभर सदरा वर करून दाखवत फिरतो. दिराला तर भावजयीने मारायचंच, नाहीतर तो रुसतो. शेवटी बाया एकाला धरून फगवा मागतात. फगवा म्हणजे होळीची खुशी. मागितलं ते द्यायचं, त्या दिवशी नाही म्हणत नाहीत.

नंदाबाई लग्नापासून गेरण. नायकाची बायको हंसाबाई सगळ्या गेरणींची पुढारी, आणि नंदाबाई तिचा उजवा हात.

सरपंच झाल्यावरच्या पहिल्या होळीला नंदाबाई खेळली नाही. "मॅडम, सरपंच झाली मी आता. उद्या त्याच मानसाले दाखला द्याचा, आज त्याले कसं मारू?" असं मला म्हणाली. लुगडं नेसून बाजूला बसली आणि सगळ्यांना हसून गुलाल लावला. मला ते शहाणपणाचं वाटलं. संध्याकाळपर्यंत तांडाभर झालं, की खुर्ची भेटली आणि बाई माजली, तिला आता गोरांची, म्हणजे बंजाऱ्यांची, होळी नको. हंसाबाईच सगळ्यात जास्त बोलली. डोंगरसिंग गालातल्या गालात हसत म्हणाला, "यंदा वयनीचा मार नाई भेटला, होळी काई गोड लागली नाई."

दुसऱ्या होळीला ती खेळली. खुंटाजवळ पहिल्या रांगेत उभी राहिली, आणि डोंगरसिंग हंड्याला हात घालायला आला तेव्हा त्याच्या दंडावर अशी ठेवून दिली की डफ वाजवणारे क्षणभर थांबले. डोंगरसिंग खो खो हसला. मी तिथेच होते. तो हसला, हे मी शपथेवर सांगू शकते.

चार दिवसांनी दारव्ह्यात माझ्या भावाने मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात खुंट नव्हता, हंडा नव्हता, डफाचा आवाज काढून टाकलेला. फक्त एक बाई काठीने एका माणसाला मारताना. वर लिहिलं होतं, सरपंचबाईची दादागिरी. तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. मग सदस्यांनी अविश्वास आणला, आणि उद्धट वागणे, विश्वासात न घेणे यांच्या जोडीला ग्रामस्थांना मारहाण करणे हेही त्यात घातलं. सह्या करणाऱ्यांतल्या अर्ध्यांच्या पाठीवर त्याच दिवशीचे वळ होते.

मला राग आला. आपलं मत नसलेल्या गावात राग आणून काही होत नाही, पण आला. मी नायकाला विचारलं, "हा खेळ आहे, हे तुम्हाला माहीत नाही का?"

रामसिंग चिलीम झटकत म्हणाला, "खेळच हाय, मॅडम. पन सरपंचानं खेळावं काय?"

"मागच्या वर्षी नाही खेळली तर?"

"ते बी बराबर नव्हतं," म्हातारा शांतपणे म्हणाला. त्याला त्यात काहीच विचित्र वाटत नव्हतं. डोंगरसिंग सरपंच असताना पाचही वर्षं हंड्यावर तुटून पडायचा. एका वर्षी तर त्याच्या धक्क्याने एका गेरणीचा हात मोडला होता. त्याची आठवण मी करून दिली, तेव्हा नायक म्हणाला, "खेळात लागते थोडंफार."

सदस्यांच्या बैठकीत ठराव पास झाला. सरपंच थेट लोकांनी निवडलेली, म्हणून शेवटचा निकाल ग्रामसभेच्या गुप्त मतदानावर होता. खुर्ची गेली की वालची चावी पुन्हा खुंटीवर जाणार, हे वरच्या गल्लीतल्या पोरांनाही कळत होतं.

मतदान शाळेतच झालं. त्याआधी हंसाबाई नंदाबाईच्या घरी जाऊन सांगून आली, "बाईनं जरा नरम राहावं, नंदी. हळू बोल. लोकायले बरं वाटते." नंदाबाईने ते ऐकलं. आपली बाजू मांडायला उठली आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलली. पाण्याच्या पाळीचं सांगितलं, होळीचं सांगितलं. मागून ओरडा झाला, "ऐकू येत नाई!" कोणीतरी म्हणालं, "सरपंचाले बोलताबी येत नाई, पाहा." तिने आमच्या शाळेच्या भिंतीकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि खाली बसली.

ती हरली. थोड्या मतांनी, पण हरली. वरच्या गल्लीतल्या काही बायांनीही तिच्या विरोधात मत दिलं होतं. पुढे चावी खुंटीवर गेल्यावर मी एकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घरचे म्हने, बाईमुळं आपल्या तांड्याचं नाव खराब झालं." तिच्या डोक्यावर तेव्हा हातपंपाचा हंडा होता.

निकाल लागल्यावर नंदाबाई माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसली. "लय वाईट वाटलं, मॅडम," एवढंच म्हणाली. तिची मुलगी वर्षा सातवीत, माझ्याच वर्गात. ती दाराशी उभी होती. मी चहा मागवला. दोघी मायलेकींनी तो प्यायला आणि घरी गेल्या.

कारभार उपसरपंच म्हणून डोंगरसिंगकडे आला आणि चावी त्याच्या खुंटीवर. शाळेत भरलेल्या पहिल्याच सभेत त्याने माझ्या टेबलावर एवढा हात आपटला की माझं हजेरीचं रजिस्टर खाली पडलं. लोक समाधानाने म्हणाले, "आता कसं पंचायतीत मानूस बसला असं वाटते."

आणि गंमत अशी, की त्याच दिवसापासून नंदाबाई चांगली झाली. तिचा आवाज पुन्हा कोणाला खटकेना. लग्नकार्यात वाढायला, भांडण सोडवायला, बाळंतिणीजवळ बसायला तीच लागे. भारतही बायल्याचा पुन्हा गरीब माणूस झाला. सव्वीस जानेवारीला डोंगरसिंगने झेंड्याखाली तिला शाल-नारळ दिला आणि माईकवर सांगितलं, "आमच्या वयनीसारखी बाई तालुक्यात नाई. कधी कोनाले वाकडं बोलली नाई." मी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरांनी वाजवल्या, त्यांना नंतर लाडू मिळणार होते.

मग तिसरी होळी आली. शाळेला सुट्टी होती, पण हंसाबाईचं बोलावणं मोडवत नाही, म्हणून मी गेले. नंदाबाई खुंटाजवळ पहिल्या रांगेत. डोंगरसिंग आला, हंड्याला हात घातला, आणि तिने त्याच दंडावर, त्याच ताकदीने काठी घातली. यंदाही मोबाईल वर झाले होते, पण सगळे हसत होते. "बाई असावी तं अशी!" हंसाबाई ओरडली. नायक रामसिंगने सुद्धा मान डोलावली. डोंगरसिंगने सदऱ्याची बाही वर करून वळ चारचौघांना दाखवला.

बायांनी त्याला धरलं. दोघींनी हात पकडले, एकीने त्याच्या कमरेला लुगड्याचा पदर गुंडाळला.

"माग, नंदी! काय मागतं ते माग फगवा!" हंसाबाई म्हणाली.

"मागा वयनी, मागा," डोंगरसिंग रंगात होता. "आज नाई म्हननार नाई."

नंदाबाईने कपाळावरचा गुलाल पुसला. "वालची चावी दे," ती म्हणाली. तिच्या नेहमीच्या आवाजात, दोन्ही गल्ल्यांना ऐकू जाईल अशी. "एक दिवसाआड वरच्या गल्लीले पयले पानी."

डफ थांबले. त्याचे हात धरलेल्या दोघी वरच्या गल्लीतल्या, त्यांनी पकड घट्ट केली. डोंगरसिंगने इकडे तिकडे पाहिलं आणि मग फार समजुतीने हसला.

"वयनी, सनासुदीत राजकारन कायले आनतं?"

"खरं हाय," मागून दोन-तीन माणसं म्हणाली. रामसिंगने पुन्हा मान डोलावली. हंसाबाईने काठी खाली केली. "झालं हिचं सुरू," ती पुटपुटली आणि त्या दोघींना म्हणाली, "सोडा त्याले, पोरीहो."

मागच्या वर्षी सणात राजकारण कोणी आणलं होतं, हे मी विचारणार होते. माझ्या आधी नंदाबाईनेच विचारलं. डफ पुन्हा वाजू लागले. फगव्याला डोंगरसिंगने पाचशेची नोट काढून हंसाबाईच्या हातात दिली आणि टाळ्या झाल्या.

संध्याकाळी मी जीपमध्ये बसले तेव्हा शेजारचा गडी ड्रायव्हरला सांगत होता, "बाई चांगली हाय, पन तिची खुर्चीची हाव काई सुटत नाई." जीप उतारावरून खाली आली. हातपंपावर वरच्या गल्लीतल्या बायांची रांग होती, सगळ्यांचे हात अजून रंगलेले. नंदाबाई पंप हापसत होती आणि वर्षा हंडा धरून उभी होती.